कावळ्याच्या नावावर

आगाशी, ८ फेब्रुवारी १९५४

वसईच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. कुठं दुखतं, कधी वाढतं, कशाने उतरतं. म्हणून ह्यांनी खताच्या दुकानातून ही डायरी आणून दिली. वर बैलाचं चित्र आहे. बैल ठणठणीत दिसतो.

नाव सरला काशिनाथ राऊत. वय बत्तीस. आज उजवा खांदा, मानेपासून खाली फऱ्यापर्यंत. दोन्ही मांड्या बाहेरच्या अंगाने. बोटं सुजल्यासारखी वाटतात, पण बांगडी सहज फिरते, म्हणजे सुजलेली नाहीत. काल हेच सगळं डाव्या कमरेत होतं आणि खांदा शहाण्यासारखा गप्प होता. दंडाला कुणी नुसतं धरलं तरी जीव कळवळतो. बघायला जावं तर कातडीवर डाग नाही की वळ नाही.

डॉक्टरांनी विचारलं, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? मला हसू आलं. मी मेल्यासारखी झोपते आणि रात्रभर रहाट ओढल्यासारखी उठते.

१४ फेब्रुवारी

धाकटे दीर जगन्नाथभावोजी रोज आगगाडीने मुंबईच्या कचेरीत जातात. माझा मुंबईला काढलेला हाडांचा फोटो त्यांनी काल संध्याकाळी आणला. हाडं स्वच्छ. रक्तही स्वच्छ. जेवताना म्हणाले, "वहिनी, पेढे वाटा. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "फोटूत नाय म्हंजे नाय." भिंतीवरच्या देवांच्या फोटोंवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच माझ्या हाडांच्या फोटोवर बसला.

डॉक्टर मात्र म्हणाले होते की हा स्नायूंचा वात असावा, फोटोत दिसणार नाही, औषधाने जाईल असं वचन देत नाही. हे मी घरी सांगितलं. पण डॉक्टरांचं बोलणं मी सांगितलेलं आणि फोटो सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला.

आज मान. बाकी बरं.

२ मार्च

सुकेळ्यांचे दिवस. डॉक्टरांना आमचं काम कळावं म्हणून लिहिते. राजेळी केळी पिकली की सोलून बांबूच्या मांडवावर चटईवर मांडायची, दिवसभर उन्हात परतायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. चांगली मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधायची. ही बांधणी आगाशीत माझ्यासारखी कुणाची नाही. हे मी स्वतः म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतं. (मीही म्हणते.)

घरात आम्ही दोघी सुना. एक आठवडा एकीकडे चूल आणि पाणी, दुसरीकडे मांडव आणि गुरं. पुढल्या आठवड्यात उलट. सासूबाईंची ही शिस्त वर्षानुवर्षांची. ती माझ्यामुळे मोडली. काल मला हात वर करून मांडवावर केळी परतता आली नाहीत, तर प्रेमलताने चूल सांभाळून तेही केलं. प्रेमलता म्हणजे माझी जाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती बोलत काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. न बोलणाऱ्या माणसाला उत्तर काय देणार?

९ मार्च

सासूबाईंनी तेल कोमट करून पाठ रगडली. माया होती, नाही म्हणत नाही. पण त्या रगडायला लागल्या आणि मी अशी किंचाळले की शेजारची डेल्फिन कुंपणाशी धावत आली. "काय झालाय गो? विंचू चावला काय?" सासूबाई रागावून उठल्या. म्हणाल्या, "हिचा दुखना भी खोटा आन ओरडना भी खोटा."

निरगुडीच्या पाल्याचा शेक बरा वाटतो. हे डॉक्टरांना सांगायचं.

२३ मार्च

आज जे ऐकलं ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

भावोजी विहिरीपाशी ह्यांना म्हणत होते, "दादा, चूल वेगळी करू या. माझी बायको दोघींचं काम करते. वहिनींचं आज खांदा, उद्या गुडघा. दुखणं असं गावभर फिरतं का?" ह्यांनी रहाटाला बैल जुंपला आणि केळींकडे निघून गेले. ह्यांचा स्वभावच तसा. प्रेमलता तिथंच कळशी घेऊन उभी होती. तिनेही नवऱ्याला अडवलं नाही. म्हणजे हे तिच्याच डोक्यातलं, त्याच्या तोंडून आलेलं.

चूल वेगळी म्हणजे काय ते भावोजींना कळत नाही, मला कळतं. एक चूल आहे तोवर माझ्या वाईट दिवसांना आडोसा आहे. वेगळी झाली की पहाटेचा विस्तव, पाणी, भाकऱ्या, गुरं, सगळं माझ्या एकटीवर. महिन्यातले निम्मे दिवस मला वरवंटा ओढवत नाही. ह्यांना विस्तव फुंकता येत नाही. मग उरली कमळी. माझी लेक आठ वर्षांची आहे, तिसरीत आहे, सहामाहीला पहिली आली. वेगळी चूल झाली की पहिली तिची शाळा सुटेल. कुणी मुद्दाम सोडवणार नाही. एक दिवस पाण्यासाठी राहील, एक दिवस भाकरीसाठी, आणि मग जाणंच थांबेल. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं.

मी सातवी पास आहे. कमळीने माझ्यापुढे जावं एवढंच मला ह्या जन्मी हवं आहे.

६ एप्रिल

कावळा शिवला. तीन दिवस मागल्या पडवीत. वेगळी चटई, वेगळा तांब्या, जेवण वरून वाढणार. लग्न झाल्यापासून ह्या पडवीचा मला राग होता. आज पहिल्यांदा बरं वाटलं. पाठ भिंतीला टेकून बसले. कुणी विचारलं नाही की काय झालंय, कालपर्यंत बरी होतीस ना, फोटोत तर काही नव्हतं ना. ह्याला फोटो लागत नाही. नुसतं सांगितलं की झालं.

८ एप्रिल

आज तिसरा दिवस, खांदा निम्म्याने उतरला. नुसतं पडून राहिलं तर अंग आखडतं, म्हणून मी पडवीतल्या पडवीत फेऱ्या मारत होते. डेल्फिन कुंपणापलीकडून म्हणाली, "मजा हाय बाय तुमची. आमच्यात कोन बसवतंय? ताप आला तर पेज देतील, नायतर चल वाडीत."

२४ एप्रिल

आता जे लिहिते आहे त्यामुळे ही वही डॉक्टरांना दाखवता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा कागद करीन.

पहाटे उठवेना. दोन्ही खांदे, मनगटं, तळपाय. भुईला पाय टेकला की वाळूतल्या शिंपल्यांवर उभं राहिल्यासारखं. माझा चुलीचा आठवडा. काल भाजीत मीठ दोनदा पडलं, परवा पडलंच नाही. असे दिवस आले की डोकंही धुरकट होतं, बोलता बोलता शब्द सापडत नाहीत. सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आज काय दुखतंय?" त्या 'आज'वर असा जोर होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरची झाले."

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "बस मग." संपलं!

मी पडवीत जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून हसले. मग रडूही आलं. शिवलेलं असताना लपवून घरात वावरणं पाप, हे पोथीत आहे. शिवलेलं नसताना बाजूला बसणं कुठल्या पोथीत पाप लिहिलंय? मी तर वाचलेलं नाही.

१७ मे

ह्यांच्याबरोबर अकलोलीच्या गरम कुंडांवर जाऊन आले. पाण्यात गळ्यापर्यंत बसले तेव्हा अंगातली एकेक गाठ सुटत गेली. घरी आल्यावर चार दिवस मी पूर्वीची सरला. मांडव आवरला, सुकेळी बांधली, गोठा सारवला. सासूबाई म्हणाल्या, "बग, देवीच्या पान्यान बरी झालीस." मलाही तसंच वाटलं आणि मी घरातली पितळी भांडीसुद्धा घासायला काढली.

पाचव्या दिवशी कप उचलला तर हातातून पडला. बरं वाटलं की मी अधाशासारखी काम करते आणि मग त्याचं व्याजासकट भरते. कळतं पण वळत नाही. कमळी गळ्यात पडायला आली आणि मी "हात लावू नकोस" म्हणून ओरडले. ती दिवसभर माझ्यापासून हातभर अंतर ठेवून वावरली. हे मला दुखण्याहून लागलं.

पुन्हा कावळ्याच्या नावावर पडवीत.

२२ जून

पाऊस धरल्यापासून एक दिवस सुखाचा नाही. भिंतींना ओल आली की ती माझ्या हाडापाशी, म्हणजे फोटोत स्वच्छ आहेत त्या हाडापाशी, येऊन बसते. ह्या महिन्यात एकदा खरी बसले, आज खोटी.

आज घाबरले. सासूबाई गोठ्यात दूध काढायला गेल्या होत्या. पावसाळ्यात आम्ही बायका आमची फडकी गोठ्याच्या मागल्या दोरीवर वाळत घालतो, पुरुषांची नजर जाऊ नये म्हणून. दूध घेऊन परतताना त्या पडवीपाशी थांबल्या. "तुजी फडकी दिसली नाय गो दोरीवर." मी म्हटलं, कुंपणावर टाकलीत. "ह्या पावसात?" एवढंच म्हणून गेल्या. प्रेमलता तिथंच गवत घालत होती, तिने सगळं ऐकलं. आता ही भावोजींना जाऊन सांगणार. सांगू दे. फडक्यांबद्दल नवऱ्याशी बोलेल एवढी धीट ती नाही.

१३ जुलै

काल पुन्हा बसले. आज पहाटे गोठ्यामागे गेले तर दोरीवर फडकी! जांभळ्या लुगड्याचे तुकडे, धुऊन पिळून ओळीने घातलेले. ते लुगडं प्रेमलताचं. गेल्या दिवाळीत फाटलं तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, गोधडीला ठेव.

म्हणजे ही बाहेरची झाली आहे आणि घरात स्वयंपाक करते आहे! देवाचं पाणी भरते, सासूबाईंच्या ताटात वाढते. मी बसलेली, हीही बसली तर चूल कोण बघणार म्हणून लपवलं असेल. तरीसुद्धा! वरून बघावं तर गोगलगाय.

मी कुणाला बोलणार नाही. पण लक्षात ठेवणार आहे.

३० जुलै

डेल्फिन म्हणाली, "तुजी जाव तुज्या वाटेचं पानी पन भरते. सकाळी अंधारात येते, तू उटायच्या आदी." मी म्हटलं, भरणारच. मग नवऱ्याकरवी जगाला सांगता येतं की दोघींचं काम करते.

डेल्फिन म्हणाली, "शिकलेली बाय तू, तुना काय सांगू." आणि भाजीची टोपली उचलून गेली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

आज कंबर, डावी. टाचा. कानशिलं.

१० ऑगस्ट

पुन्हा पडवी, पुन्हा दोरीवर जांभळी फडकी. ह्या खेपेला सासूबाईंनीही बघितली असणार, दूध त्याच काढतात. पण त्या काही बोलल्या नाहीत. उलट माझ्याशी मवाळ झाल्या आहेत. जेवण वाढताना म्हणाल्या, "तुज्या अंगावरनं लय जातं गो. आशानंच अशक्तपना येतो." गुळाचा खडा जास्त ठेवला. इतक्या महिन्यांत माझ्या दुखण्यावर त्यांनी विश्वास ठेवला तो हा, आणि तोही भलत्याच दुखण्यावर. गूळ मात्र मी खाल्ला.

२२ ऑगस्ट

हे म्हणाले, गणपती झाले की जगन्नाथ चुलीचं शेवटचं विचारणार आहे. आईंचा शब्द अखेरचा. मी विचारलं, तुमचं काय मत? म्हणाले, "मला दोन्हीकडून वाईट वाटतं." चांगला माणूस आहे, पण चांगुलपणावर भाकरी भाजत नाही.

माझ्याकडे एक हुकमाचं पान आहे. प्रेमलताने शिवलेलं असताना दोनदा घरभर हात लावले, हे मला ठाऊक आहे. तिच्याकडून वेगळ्या चुलीचं निघालंच तर मी ते पान टाकीन. कमळीची शाळा पणाला लागली आहे. मी काही साधुसंत नाही.

२ सप्टेंबर, ऋषिपंचमी

काल गणपती बसले. आज आम्हा बायकांचा उपास. शिवाशिवीत नकळत कुठं हात लागला असेल तर त्याचं पाप धुवायचा हा दिवस. आघाड्याच्या काड्यांनी आंघोळी झाल्या आणि तिघी स्वयंपाकघरात ऋषीची भाजी करायला बसलो. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, भेंडी, भोपळा. पुरुष बाहेर ओटीवर. हे सगळं सावकाश लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला नको वाटतं.

सासूबाई अळू सोलता सोलता म्हणाल्या, "जगू चुलीचा विचारतो. मी काय सांगू तेला?"

प्रेमलता गप्प. मान खाली, विळीवर भोपळा. माझा खांदा सकाळपासून ठणकत होता, आणि ते तिचं गप्प बसणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "दोघींचं काम करते म्हणे. करते, पण कशी करते ते विचारा. बाहेरची असताना चुलीशी बसते. गोठ्यामागे हिची फडकी मी डोळ्यांनी बघितली आहेत, दोन खेपा. आज ऋषिपंचमी आहे, खोटं बोलणार नाही."

सासूबाईंच्या हातातलं अळू खाली पडलं. प्रेमलताचा चेहरा पांढरा झाला. पण तिने मान वर केली नाही.

"खंची फडकी?" सासूबाईंनी विचारलं.

"जांभळी. हिच्या फाटलेल्या लुगड्याची."

"जांबळी?" सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "ती तर तुजी. तू बसली होतीस तवा होती ती दोरीवर. दोनी खेपा."

"माझी कशाला असतील?" मी तावात म्हटलं. "माझी नव्हतीच मुळी!"

"मग तुजी खंय होती?"

विळीचा आवाज थांबला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा प्रेमलताकडे, आणि त्यांना कळलं. ह्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. जून महिन्यात सासूबाईंनी मला फडक्यांचं विचारलं तेव्हा प्रेमलता गवत घालत होती. तिने ऐकलं आणि पुढल्या खेपेपासून स्वतःच्या लुगड्याचे कोरे तुकडे भिजवून माझ्या नावाने दोरीवर टाकले. भावोजींनी चुलीचं काढलं की सासूबाईंना म्हणता यावं, थोरली कामचुकार नाही, आजारी आहे. आणि मी तिला आज देवासमोर बाटवली.

मला तिथंच भुईत जावंसं वाटलं. प्रेमलता हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, चुलीतली लाकडं मागे ओढा. भाजी करपेल."

मी लाकडं मागे ओढली.

३ सप्टेंबर

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. प्रेमलताशीही नाही. गणपतीसमोर डोळे मिटून बसतात आणि जप सोडून दुसराच कसला तरी विचार करतात, हे दिसतं.

मी प्रेमलताला विहिरीवर गाठलं. म्हटलं, माझं चुकलं, मी तुझ्यावर नको ते घातलं. ती पोहरा ओढत होती. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. रंग बघून तुम्ही ओळखलं असेल, असं वाटलं." मी म्हटलं, "तू का केलंस पण?" ती म्हणाली, "रात्री कूस बदलताना तुम्ही कण्हता. भिंत पातळ आहे. खोटं कोण झोपेत कण्हतं?"

"आणि वेगळी चूल?"

"ती ह्यांना हवी आहे. मला कुणी विचारलेलं नाही." तिने पोहरा माझ्या कळशीत रिकामा केला आणि पुन्हा खाली सोडला.

५ सप्टेंबर

आज दुपारी सासूबाईंनी मला मागल्या पडवीत बोलावलं. मी ठरवलं होतं की पायांवर डोकं ठेवायचं. त्या म्हणाल्या, "बस. खाली वाकू नको, परत उठाय लागंल." मग म्हणाल्या, "पडवीत बसायचीस तवा काय होत होतं तुना? खरं सांग."

मी सांगितलं. खांदा, मांड्या, बोटं, तळपाय, कधी हे, कधी ते. सकाळचं आखडणं. मीठ विसरणं. कमळीने गळ्यात हात टाकला तर ओरडावंसं वाटणं. सांगता सांगता रडले. इतक्या महिन्यांत हे कुणी घरात विचारलं नव्हतं, मी रोज सांगत होते तरी.

"बसल्यावर उतरतंय?"

"थोडं. सगळं नाही. आणि परत येतं."

त्या वाडीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या टायमाला भी काय जनी जास्ती बसायच्या. सासवा विचारायच्या नाय." कोण जणी, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही, कारण त्या उठायला लागल्या होत्या. खांबाला धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, तोंडातून आवाज न काढता उठल्या. वय झालं त्यांचंही.

संध्याकाळी भावोजींनी पुरुषांच्या पंगतीत विषय काढलाच. "आई, गणपतीनंतर काय ते ठरवू. एकीने किती करायचं?"

सासूबाई भात वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "चूल एकच रानार. थोरलीला मयन्यातनं दोनदा, तिनदा बसावं लागतं. तिचं आंग तसं हाय. ह्या बायकांच्या गोष्टी हायत, बाप्यांनी तेच्यात तोंड घालू नाय." घरात गणपती बसलेला, आणि ही बाई सोवळ्यात उभी राहून, हातात भाताचं पातेलं धरून, पोटच्या पोरांना हे सांगत होती.

भावोजींचे कान लाल झाले. ताटातल्या वालांकडे बघत "बरं" म्हणाले. हेही खाली बघत होते. एक्स-रे म्हणू नका, रक्त म्हणू नका, कसलाच पुरावा कुणी मागितला नाही.

आत आल्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "पन खोटं बसशील तर खऱ्यासारखी बस. लोनच्याला हात लावलास तर माज्याशी गाठ हाय."

कमळी शाळेत जाणार. मी आज तिला जवळ घेतलं. दुखलं. घेतलं तरी.

१४ सप्टेंबर

बरे दिवस चालले आहेत. अधाशासारखी कामं करायची नाहीत, असं ठरवून निम्मीच करते.

प्रेमलताबरोबर शेंगा निवडत होते. ती म्हणाली, "वहिनी, एक मागू?" मला वाटलं लुगडं मागणार. ते मी द्यायचं ठरवलंच होतं. पण ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात एक खेप माझी. मला पडवीत बसायचंय."

"तुझं काय दुखतंय?" मी विचारलं आणि विचारताच जीभ चावली. सासूबाईंचाच सूर लागला होता.

"काही नाही. लग्न होऊन नऊ वर्षं झाली. मला नुसतं बसायचंय."

मी म्हटलं, बस. चूल मी बघीन. तिने इतक्या भरकन मान हलवली की हातातल्या शेंगा सांडल्या.

२१ सप्टेंबर

दोन्ही खांदे, मनगटं, उजवी टाच. नेमकं आजच. सकाळी उठायला वेळ लागला. प्रेमलता म्हणाली, "राहू दे वहिनी, पुढल्या वेळी बसेन." मी म्हटलं, गप बस जाऊन.

पीठ मळवेना म्हणून भाकऱ्या केल्या नाहीत, भातच टाकला. वरवंट्याला सासूबाईंनी हात लावला. पाणी ह्यांनी भरलं. पहिल्यांदाच भरलं, निम्मं अंगणात सांडलं आणि निम्मं घरात आलं. प्रेमलता पडवीत आधी ताठ बसून होती, कामाला बोलावतील म्हणून. मग हळूहळू आडवी झाली. दुपारभर झोपली. मी जेवण ठेवायला गेले तेव्हा तोंड उघडं टाकून घोरत होती.

संध्याकाळी भावोजी कचेरीतून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "प्रेमलता कुठे आहे?"

सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "बसलीय."

भावोजींनी पुढे काही विचारलं नाही. भात खाली लागला होता, तोही त्यांनी मुकाट्याने खाल्ला.